चक्करच्या रुग्णाच्या आतल्या कानाची तपासणी: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कॅलॉरिक चाचणीचा (कानात गरम आणि थंड पाणी किंवा हवा सोडून केलेल्या तपासणीचा) अहवाल ‘दोन्ही कान कमजोर’ असा येतो, रुग्ण हादरतो आणि मग चौकशीत निघते की चाचणीच्या दिवशी सकाळीही त्याने चक्करची गोळी घेतली होती. दुसऱ्याच्या बाबतीत यंत्र ‘सर्व सामान्य’ म्हणते, पण त्याला डिक्स-हॉलपाइक स्थितीत, म्हणजे डोके एका बाजूला वळवून आणि मागे लटकवून, आडवे केलेलेच नसते. अशा चुका यंत्राच्या नसतात. त्या तयारीच्या, क्रमाच्या आणि घाईच्या असतात. हा लेख ऑडिओलॉजिस्ट, कान-नाक-घसा विभागातले निवासी डॉक्टर आणि चक्करचे रुग्ण रोज बघणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे. घरी करून बघण्यासाठी नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: चाचणी डोळ्यांची होते, निष्कर्ष कानाचा निघतो. आतल्या कानाकडून येणारे संकेत दोन्ही बाजूंनी सारखे नसले की डोळे एका दिशेला सावकाश सरकतात आणि उलट दिशेने झटक्यात परततात. हाच निस्टॅग्मस. त्याची दिशा झटक्यावरून सांगायची, जोर मात्र सावकाश सरकण्याच्या वेगावरून मोजायचा. ही सांगड डोक्यात पक्की नसेल तर पुढचे आकडे उलटसुलट होतात.

## टप्पा १: फोनवरची तयारी, दोन दिवस आधी

वेळ देतानाच रुग्णाला सूचना द्या. दारात आल्यावर सांगून उपयोग नसतो.

औषधे. सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारखी चक्कर आणि मळमळ दाबणारी औषधे चाचणीच्या ४८ तास आधी थांबवावी लागतात. बीटाहिस्टिन बऱ्याच ठिकाणी याच यादीत धरतात. तुमच्या विभागाचा जो नियम असेल तो सगळ्यांना सारखाच लावा. रुग्णाला ही नावे माहीत नसतात. तो ‘स्टुजेरॉन’, ‘स्टेमेटिल’, ‘वर्टिन’ म्हणतो, किंवा ‘ती छोटी पांढरी गोळी’. म्हणून गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मागवून घ्या. सर्दीच्या आणि प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल वेगळे विचारा. त्या ‘औषध’ म्हणून कोणी मोजत नाही.

काय थांबवायचे नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, फिट्स आणि थायरॉइडची औषधे चालूच ठेवायची. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम कित्येक महिने रोज घेणाऱ्याने ते अचानक बंद करणे धोक्याचे आहे. त्याच्या डॉक्टरांशी बोला. थांबवता येत नसेल तर गोळीसह चाचणी करा आणि अहवालात तशी नोंद ठेवा.

> इशारा: गरगरणे अजून सतत चालू आहे, उलट्या थांबत नाहीत, अशा रुग्णाला ‘आधी गोळ्या बंद करा, मग परवा या’ असे सांगू नका. त्याला आजच बघायचे आहे. टप्पा ३ पहा.

दारू ४८ तास वर्ज्य. दारूमुळे स्थितीनुसार बदलणारा निस्टॅग्मस येतो आणि तो खऱ्या आजारासारखाच दिसतो. चाचणीच्या दिवशी चहा-कॉफी टाळायला सांगा.

खाणे. दोन-तीन तास आधी हलका नाश्ता. भरल्या पोटी उलटी होते. पण उपाशीपोटी आलेला रुग्णही नको. संकष्टी, एकादशी किंवा नवरात्रात वेळ देताना उपवास आहे का ते विचारा. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी आलेला रुग्ण पलंगावर घामाघूम झाला, तर ते कानाचे लक्षण समजले जाण्याची भीती असते.

डोळे आणि केस. काजळ, सुरमा, मस्कारा, आयलायनर, खोट्या पापण्या काहीही नको. व्हीएनजीचा, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राचा, कॅमेरा बुबुळाच्या मधला काळा भाग शोधतो. काजळाची रेघ त्याला तितकीच काळी दिसते आणि आलेख उड्या मारू लागतो. आदल्या रात्रीपासूनच काजळ लावू नका असे सांगा, कारण पापणीच्या कडेला ते धुतल्यावरही राहते. लावून आलेच, तर बंद पापणीवरून कापसाने थोडे खोबरेल फिरवा, मग कोरड्या कापसाने पुसा. अंबाडा, गजरा, मोठा क्लिप यांमुळे गॉगलचा पट्टा नीट बसत नाही आणि मान मागे झुकवता येत नाही. केसांची सैल वेणी आणि सुटसुटीत कपडे बरे.

बरोबर कोणीतरी हवे. चाचणीनंतर रुग्णाने स्वतः दुचाकी किंवा गाडी चालवत घरी जायचे नाही.

## टप्पा २: हकिगत आणि कान

‘चक्कर येते’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी सांगितल्या जातात: घर फिरल्यासारखे गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना झोक जाणे आणि डोके हलके-हलके वाटणे. तरी रुग्ण कोणता शब्द वापरतो यावर सगळी भिस्त ठेवू नका. दोन प्रश्नांची उत्तरे जास्त कामाची: चक्करचा एक झटका किती वेळ टिकतो, आणि तो कशाने सुरू होतो.

कुशीवर वळल्यावर किंवा फडताळातले वरचे काही काढताना काही सेकंद गरगरले, तर स्थितीजन्य चक्कर (आतल्या कानातले कण नलिकेत सरकल्याने येणारी) शोधा. काही मिनिटे ते तास टिकते आणि बरोबर एका कानात दडा किंवा गुणगुण असेल, तर मेनिएर हा आतल्या कानाचा आजार डोक्यात ठेवा, आणि डोकेदुखीचा इतिहास असेल तर मायग्रेनही. दिवसभर सलग गरगरत असेल तर वेस्टिब्युलर न्यूरायटिस (तोलाच्या नसेचा दाह), पण त्याआधी लहान मेंदूतला स्ट्रोक नाही ना ते बघा. उठून उभे राहिल्यावर अंधारी येते म्हणतात त्यांचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्करचे कारण बहुधा तिथेच आहे.

क्षयरोगासाठी किंवा मोठ्या जंतुसंसर्गासाठी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन यांची इंजेक्शने झाली होती का, हे नाव घेऊन विचारा. या औषधांनी दोन्ही कान एकदम जातात तेव्हा गरगरणे फारसे नसते. अंधारात तोल जातो आणि चालताना दुकानांच्या पाट्या हलताना दिसतात.

मग ऑटोस्कोप घ्या. मळ असेल तर काढा, पडदा पूर्ण दिसला पाहिजे. पडद्याला भोक, ग्रोमेट (पडद्यात बसवलेली बारीक नळी), कान वाहणे किंवा मास्टॉइडची (कानामागच्या हाडाची) जुनी शस्त्रक्रिया असेल तर पाण्याची कॅलॉरिक करायची नाही. हवेचा पर्याय वापरताना सावध राहा: भोक असलेल्या ओलसर कानात गरम हवा गेली की बाष्पीभवनाने कान थंड होतो आणि निस्टॅग्मस उलट दिशेने येऊ शकतो. ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) आणि टिम्पॅनोमेट्री (पडदा आणि मधल्या कानाची चाचणी) याच वेळी उरकून घ्या.

तपासा: मान. संधिवाताने खिळखिळी झालेली मान, अलीकडची मानेची शस्त्रक्रिया, मानेच्या रक्तवाहिनीचा आजार, यांत मानेला झटका द्यायचा नाही आणि मान मागे लटकवायची नाही. डिक्स-हॉलपाइकऐवजी कुशीवर पाडून करायची चाचणी असते, ती वापरा.

मानेच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली म्हणजे चक्करचे कारण सापडले असे मात्र नाही. साठीनंतर ती झीज बहुतेकांना असते. ‘मणक्याची चक्कर’ म्हणून कॉलर लावून महिनोनमहिने फिरणाऱ्या किती जणांची डिक्स-हॉलपाइक कधीच झालेली नसते! ती करायला एक मिनिट लागते.

## टप्पा ३: यंत्र लावण्याआधी डोळे बघा

खोलीत उजेड ठेवून रुग्णाला समोर बघायला सांगा. मग डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. बाजूला ३० अंशांपेक्षा जास्त नेऊ नका. टोकाला नेले की निरोगी डोळाही थोडा फडफडतो आणि त्याला आजार समजले जाते.

कानामुळे येणारा निस्टॅग्मस आडवा, किंचित चक्राकार असतो. त्याची दिशा नजर कुठेही फिरवली तरी बदलत नाही, झटक्याच्या दिशेने बघितले की जोर वाढतो, आणि एखाद्या वस्तूवर नजर रोखली की कमी होतो. उभा निस्टॅग्मस, किंवा डावीकडे बघताना डावा आणि उजवीकडे बघताना उजवा होणारा, हा मेंदूकडे बोट दाखवतो.

नजर रोखल्यावर निस्टॅग्मस दबतो, म्हणूनच उजेडात काही दिसले नाही तर ‘नाही’ असे लिहू नका. फ्रेन्झेल चष्मा (नजर रोखू न देणारा जाड भिंगांचा चष्मा) किंवा इन्फ्रारेड गॉगल लावून अंधारात निदान ३० सेकंद बघा.

सतत गरगरणारा रुग्ण समोर असेल तर तीन गोष्टी एकत्र बघायच्या: हेड इम्पल्स (डोके झटकन वळवून करायची चाचणी, टप्पा ४), निस्टॅग्मसची दिशा आणि एकेक डोळा आलटूनपालटून झाकताना डोळा वर-खाली सरकतो का. सोबत, नव्याने ऐकू येणे कमी झाले का तेही विचारा.

> इशारा: सतत गरगरणे आणि निस्टॅग्मस चालू असताना हेड इम्पल्स सामान्य येणे ही वाईट बातमी आहे. कान बिघडलेला नसेल तर बिघाड मेंदूत असण्याची शक्यता वाढते. दिशा बदलणारा निस्टॅग्मस, डोळ्याचे वर-खाली सरकणे किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणे, यांपैकी एक जरी असेल तरी रुग्णाला स्ट्रोकची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवा. साध्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागातला झटका सहज निसटतो. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयही कधीकधी फसवा असतो.

ही तीन गोष्टींची जोडी सतत गरगरणाऱ्यासाठीच आहे. अधूनमधून चक्कर येणाऱ्या आणि आत्ता बऱ्या असलेल्या माणसाची हेड इम्पल्स सामान्यच येणार. तिच्यावरून त्याला मेंदूचा रुग्ण ठरवू नका.

## टप्पा ४: हेड इम्पल्स

रुग्णाला समोर १ ते १.५ मीटरवरच्या ठिपक्याकडे बघायला सांगा. मान सैल. डोके दोन्ही हातांनी धरून अचानक एका बाजूला वळवा: अंतर कमी, १० ते २० अंश, पण वेग जास्त. उजवीकडे वळवले की उजव्या कानाची परीक्षा होते. कान नीट असेल तर डोळे ठिपक्यावरच राहतात. कमजोर असेल तर डोळे डोक्याबरोबर जातात आणि एका उडीत ठिपक्याकडे परत येतात.

चुका बहुतेक वेग आणि अंदाज यांतल्या. हळू वळवले तर दुसरा कान आणि नजर मिळून काम निभावतात आणि कमजोर कानही सामान्य दिसतो. डावे-उजवे-डावे असे ठरावीक लयीत केले तर रुग्णाला पुढचा झटका आधीच कळतो. दिशा आणि वेळ बदलत राहा.

व्हिडिओ हेड इम्पल्स असेल तर:

1. गॉगलचा पट्टा घट्ट करा, नाकावर जरासे दाबून बसवा. गॉगल सरकला की मिळकत, म्हणजे डोक्याच्या वेगाच्या तुलनेत डोळ्याचा वेग, खोटी वाढते. १.२ च्या वर आकडा आला तर आधी पट्टा तपासा.
2. कॅलिब्रेशन करा. ते चुकले तर पुढचे सगळेच आकडे चुकीचे येतात.
3. हात डोक्यावर किंवा जबड्यावर ठेवा. बोटे पट्ट्याला किंवा गॉगलला लागू देऊ नका.
4. प्रत्येक बाजूला १० ते २० चांगले झटके घ्या, वेग सेकंदाला १५० अंशांच्या वर.
5. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एक आडवी आणि दोन उभ्या. आडव्या नलिकेसाठी साधारण ०.८ च्या खाली, उभ्या नलिकांसाठी ०.७ च्या खाली मिळकत कमी समजा. पण ती कमी असून भरपाईच्या उड्या दिसतच नसतील तर निदान लिहू नका, चाचणी पुन्हा करा.

डोके हलत असतानाच मारलेली उडी उघड्या डोळ्यांना दिसत नाही. ती कॅमेऱ्यातच पकडता येते. म्हणून हाताने केलेली चाचणी सामान्य आली तरी शंका असेल तर व्हिडिओ करा.

## टप्पा ५: डिक्स-हॉलपाइक आणि कुशीची चाचणी

ही चाचणी कॅलॉरिकच्या आधी करायची. कॅलॉरिकने झालेली मळमळ आणि उरलेला निस्टॅग्मस इथे गोंधळ घालतो. इतर स्थितींच्या चाचण्यांच्याही आधी करा, कारण पुन्हा पुन्हा केली की हिचा जोर मावळत जातो. ज्या बाजूचा संशय आहे ती बाजू आधी घ्या.

1. रुग्णाला पलंगावर अशा जागी बसवा की आडवा झाल्यावर खांदे कडेपाशी येतील आणि डोके कडेच्या बाहेर. एकदा सावकाश झोपवून जागा बघून घ्या. पलंग भिंतीला टेकलेला असेल तर खांद्यांखाली उशी ठेवा.
2. नीट सांगा: ‘गरगरेल, पण थोड्या वेळात थांबेल. मी धरलेले आहे. डोळे मिटू नका.’ ही सूचना दिली नाही तर पहिल्याच झटक्याला रुग्ण डोळे गच्च मिटतो आणि बघायचे तेच निसटते.
3. डोके ४५ अंश तपासायच्या बाजूला वळवा.
4. तेवढेच वळलेले ठेवून रुग्णाला झटकन मागे झोपवा, डोके आडव्या पातळीच्या २० ते ३० अंश खाली.
5. थांबा. निदान ३० सेकंद. निस्टॅग्मस लगेच सुरू होत नाही, काही सेकंद जातात, कधी वीसपर्यंत. सगळ्यात जास्त चुका इथे होतात: पाच सेकंदांत काही दिसले नाही म्हणून रुग्णाला उठवले जाते.
6. दिसला तर वेळ मोजा. मागच्या नलिकेत कण असतील तर झटका वरच्या दिशेने येतो आणि डोळ्याचा वरचा भाग खालच्या कानाकडे फिरतो. जोर वाढतो, मग ओसरतो आणि एका मिनिटात थांबतो.
7. सावकाश उठवा, आधार सोडू नका. बसल्यावर तो उलट दिशेने पुन्हा येऊ शकतो.

रुग्ण दोन मिनिटे शांत बसल्यावर दुसरी बाजू.

आलेखावर विसंबू नका. साध्या व्हीएनजीचा आलेख आडवी आणि उभी हालचाल दाखवतो, चक्राकार हालचाल त्यात येतच नाही. पडद्यावरच्या रेघा सोडा, कॅमेऱ्यातल्या डोळ्याकडे बघा आणि व्हिडिओ साठवून ठेवा. बुबुळावरच्या रेषा कुठे फिरतात ते सावकाश चालवून बघता येते.

दोन्ही बाजू शांत असतील तर आडवी नलिका बाकी आहे. रुग्णाला पाठीवर झोपवून डोके ३० अंश उचला आणि डोके पूर्ण ९० अंश एका बाजूला वळवा. थांबा, मग दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे झटका जमिनीकडे जात असेल तर ज्या बाजूला जोर जास्त तो कान बिघडलेला. झटका छताकडे जात असेल तर ज्या बाजूला जोर कमी तो कान. हे उलटे लक्षात ठेवले गेले की उपचार चांगल्या कानावर होतात.

> इशारा: डोके खाली लटकवल्यावर निव्वळ खालच्या दिशेचा निस्टॅग्मस, किंवा एक मिनिट उलटूनही न थांबणारा, किंवा स्थिती बदलूनही दिशेचे गणित न जुळणारा दिसला, तर तो सरळ ‘कण सरकले’ म्हणून खपवू नका. मेंदूची तपासणी करून घ्या.

मागच्या नलिकेचे चित्र स्वच्छ मिळाले तर त्याच बैठकीत एप्ले (डोके ठरावीक क्रमाने फिरवून कण नलिकेबाहेर काढण्याचा उपचार) करून टाका. अशा रुग्णाला कॅलॉरिकची गरज बहुधा नसते. स्वस्त, एका मिनिटाची चाचणी उत्तर देत असताना रुग्णाकडून चार वेळा कानात पाणी सोडण्याचे पैसे घेणे योग्य नाही.

## टप्पा ६: कॅलॉरिक, सगळ्यात शेवटी

ही चाचणी दोन्ही कान वेगवेगळे तपासते, हेच तिचे बळ. पण ती फक्त आडव्या नलिकेची आणि अतिशय मंद गतीच्या कामाची परीक्षा आहे. ती सामान्य आली म्हणजे सगळा आतला कान सामान्य, असे नाही.

यंत्र आधी तपासा. पाणी ४४ आणि ३० अंश सेल्सिअस, ३० सेकंदांत २५० मिलिलिटर. हवेचे यंत्र असेल तर ५० आणि २४ अंश, मिनिटाला ८ लिटर, ६० सेकंद. तापमान टाकीवर नव्हे, नळीच्या टोकाशी मोजा. नळीत थांबलेले पाणी खोलीच्या तापमानाला आलेले असते. ते ताटलीत सोडून द्या, टोकाचे तापमान स्थिर झाले की मगच कानाकडे वळा. हे केले नाही तर रुग्णाचा पहिला कान नेहमी थोडा कमजोर निघतो, आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

स्थिती. पाठीवर, पलंगाचे डोके ३० अंश वर. त्यामुळे आडवी नलिका उभी होते. जाड उशी घातली तर मान आणखी वाकते आणि कोन बिघडतो.

क्रम. उजवा गरम, डावा गरम, उजवा थंड, डावा थंड. दरवेळी:

1. कॅलिब्रेशन बरोबर आहे का बघा, मग गॉगलचे झाकण लावा. आत अंधार, डोळे उघडे.
2. सुरुवातीला काही सेकंद नोंद घ्या: आपोआप येणारा निस्टॅग्मस आहे का?
3. कानाची पाळी वर आणि मागे ओढा, धार थेट पडद्यावर जाऊ द्या. कडेच्या भिंतीवर गेली तर उष्णता आत पोचत नाही. गरम पाण्यानंतर ऑटोस्कोपने बघा, पडदा लालसर दिसायला हवा.
4. पाणी सुरू केल्यापासून रुग्णाला बोलता ठेवा. मन शांत झाले, झोप लागली, की निस्टॅग्मस दबतो. दोनचा पाढा नको, तो अर्धवट झोपेतही म्हणता येतो. ‘क’पासून सुरू होणारी गावे, १०० मधून सातसात वजा करणे, दादरपासून ठाण्यापर्यंतची स्टेशने उलट क्रमाने, असे काही द्या. चारही वेळा काम वेगळे, पण तितकेच अवघड असू द्या.
5. जोर साधारण ६० ते ९० सेकंदांच्या दरम्यान टोकाला पोचतो. तो उतरू लागला की गॉगलमधला दिवा लावून १० सेकंद त्याकडे बघायला सांगा. निस्टॅग्मस स्पष्ट कमी व्हायला हवा. तसाच राहिला तर मेंदूतला दोष शोधा.
6. पुढचे पाणी निस्टॅग्मस पूर्ण थांबल्यावर. दोन वेळांत निदान ५ मिनिटे जाऊ द्या. रुग्ण खूप आहेत म्हणून हा वेळ कापला, तर आधीच्या पाण्याचा परिणाम पुढच्या आकड्यात मिसळतो.

तपासा: गरम पाण्याने झटका त्याच कानाकडे, थंड पाण्याने विरुद्ध कानाकडे. उलटे दिसले तर आधी बाजू किंवा तापमान चुकले का ते बघा. गॉगल उलटा जोडला किंवा संगणकात चुकीचे बटण दाबले, हे नेहमी घडते.

एखाद्या कानातून गरम आणि थंड दोन्हीला काहीच आले नाही, तर बर्फाचे थोडे पाणी घालून बघितल्याशिवाय ‘प्रतिसाद नाही’ असे लिहू नका. त्यात निस्टॅग्मस आला तर रुग्णाला पालथे करा. खरा प्रतिसाद दिशा बदलतो, आपोआप येणारा बदलत नाही.

## टप्पा ७: आकडेमोड

चारही वेळचा टोकाचा वेग घ्या, सेकंदाला अंशांत. समजा, उजवा गरम १२, उजवा थंड १४, डावा गरम २८, डावा थंड २६.

उजव्या कानाची बेरीज २६, डाव्याची ५४, एकूण ८०. फरक २८. २८ भागिले ८०, म्हणजे ३५ टक्के, उजवा कान कमजोर. बहुतेक ठिकाणी २५ टक्क्यांच्या वर लक्षणीय मानतात, पण तुमच्या यंत्रावर निरोगी माणसांचे आकडे घेऊन स्वतःची मर्यादा ठरवणे उत्तम.

दिशेचा कल, म्हणजे झटका एका दिशेला जास्त येतो का, हे काढताना जोड्या बदलतात. उजवीकडे झटका देणारे दोन: उजवा गरम आणि डावा थंड, १२ अधिक २६, म्हणजे ३८. डावीकडचे दोन: २८ अधिक १४, म्हणजे ४२. फरक ४, म्हणजे ५ टक्के. ३० टक्क्यांच्या आत असल्याने दुर्लक्ष करण्याजोगा. आपोआप येणारा निस्टॅग्मस असेल तर हा आकडा वाढतो, कारण तो एका दिशेच्या जोडीत मिसळतो आणि दुसऱ्या जोडीतून वजा होतो. प्रत्येक कानाच्या बेरजेत मात्र तो एकदा अधिक आणि एकदा वजा होऊन निघून जातो.

टक्केवारी काढण्याआधी बेरजा डोळ्यांखालून घाला. दोन्ही कानांची बेरीज प्रत्येकी ६ च्या खाली असेल तर दोन्ही बाजू कमजोर आहेत. टक्केवारी अशा वेळी ‘शून्य फरक’ दाखवून दिशाभूल करते. पण दोन्ही कमजोर लिहिण्याआधी गोळ्या, झोप आणि पाण्याचे तापमान तीन्ही पुन्हा तपासा, आणि व्हिडिओ हेड इम्पल्सशी ताडून बघा. एका कानाची दोन वाचने एकमेकांशी अजिबात जुळत नसतील, उदाहरणार्थ गरम २० आणि थंड ४, तर आकडेमोड करू नका, कमी आलेले वाचन पुन्हा घ्या.

कॅलॉरिक कमजोर आणि हेड इम्पल्स सामान्य, हा विरोध नाही. मेनिएरमध्ये हे चित्र अनेकदा दिसते. एक चाचणी मंद गतीची, दुसरी झपाट्याच्या हालचालीची, दोन्ही अहवालात शेजारीशेजारी लिहा.

व्हेम्प चाचणीबद्दल एवढेच: आवाज ऐकवल्यावर स्नायूंत उमटणारी लाट मोजून ती युट्रिकल आणि सॅक्यूल (आतल्या कानातल्या तोलाच्या दोन पिशव्या) तपासते. मानेवरची नोंद घेताना मानेचा स्नायू ताणलेला नसेल तर लाट येतच नाही, आणि मधल्या कानात दोष असेल तरीही येत नाही. म्हणून टिम्पॅनोमेट्रीशिवाय ‘व्हेम्प नाही’ या वाक्याला अर्थ नाही.

## टप्पा ८: रुग्णाला सोडण्याआधी आणि अहवालात

गॉगल काढून रुग्णाला लगेच उभे करू नका. आधी बसवा, पाय खाली सोडून पाच मिनिटे, मग उभे. मळमळ ओसरेपर्यंत, साधारण १५-२० मिनिटे थांबवून घ्या. कानात पाणी उरले असेल तर टिपून घ्या. बंद केलेली कोणती गोळी कधीपासून सुरू करायची आणि कोणती आता लागणारच नाही, हे कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेले घरी पोचेपर्यंत विसरले जाते आणि तीन-तीन चक्करच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात. कान एका बाजूने कमजोर झालेल्यांसाठी हे फार महत्त्वाचे: या गोळ्या जास्त काळ चालू राहिल्या की मेंदूला उणीव भरून काढायला उशीर होतो. अशा रुग्णाला तोल सुधारण्याच्या व्यायामासाठी त्याच दिवशी पाठवा.

अहवालात या गोष्टी असल्याच पाहिजेत: शेवटची गोळी कोणती व कधी घेतली, ऑटोस्कोपीत काय दिसले, कोणती चाचणी करता आली नाही आणि का, पाणी की हवा, चारही वेळचे मूळ आकडे, नजर रोखल्यावर निस्टॅग्मस दबला का, आणि डिक्स-हॉलपाइक किती सेकंद बघितली. ‘व्हीएनजी सामान्य’ एवढेच लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरांच्या काही कामाचा नाही. त्यातून त्यांना कळत नाही की रुग्णाला आडवे केले होते की नाही.